वाळा : मातीतील निरुपद्रवी साप

तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर असो वा महाराष्ट्रातील एखादे गाव, शेणखतात किंवा कुंडीखाली आढळणारा वाळा (इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस) विषारी सापाचे पिल्लू समजून मारला जातो. वस्तुतः तो पूर्णतः बिनविषारी आहे.

सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा हा साप गांडुळासारखा दिसतो. मात्र त्याच्या अंगावर वलयांऐवजी चकचकीत खवले असतात व तो जीभ बाहेर काढतो. डोळ्यांच्या जागी केवळ दोन काळे ठिपके दिसतात. मुंग्यांची अंडी, अळ्या, कोष आणि वाळवी हे त्याचे मुख्य खाद्य होय.

या जातीत केवळ माद्या आढळतात व त्या नराविना प्रजनन करतात. त्यामुळे कुंडीतील मातीबरोबर गेलेली एकच मादी नव्या ठिकाणी वंशवृद्धी करू शकते.

खत पसरताना वाळा आढळल्यास त्यास फावड्याने अलगद उचलून ओलसर, सावलीच्या जागी सोडावे. ओळखीविषयी शंका असल्यास मात्र कोणत्याही सापास हात लावू नये.