बरगे, दरवाजे आणि क्लाउडची वाहतूक

कोल्हापूरकरास पाणी अडवण्याच्या दोन तऱ्हा परिचित असतात: पंचगंगेवरील बंधाऱ्यांचे बरगे (फळ्या) माणसांनी घालावे-काढावे लागतात, तर राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पातळी चढताच आपसूक उघडतात. असाच भेद, थोड्या निराळ्या रूपात, ‘ओपनस्टॅक’ या २०१० साली आरंभिलेल्या मुक्तस्रोत क्लाउड-प्रणालीतही आढळतो; कारण अनेक संगणकांवर नांदणाऱ्या आभासी यंत्रांमधील माहितीची वाहतूक पाहणारा तिचा ‘न्यूट्रॉन’ विभाग केवळ हुकूम सोडतो, त्याची अंमलबजावणी निराळ्या कारभाऱ्यांकडे असते.

त्यांपैकी ‘लिनक्स ब्रिज’ हा साधा आणि समजण्यास सोपा. परंतु २०२२ मध्ये प्रायोगिक ठरून तो पुढे न्यूट्रॉनमधून वगळला गेला. ‘ओपन व्हीस्विच’ नियमांच्या कोष्टकांवरून माहितीच्या प्रत्येक पुडक्याची वाट ठरवतो. मात्र प्रत्येक संगणकावरील मुनीम (एजंट), बरगे घालणाऱ्या माणसांप्रमाणे, संदेशरांगेतून हुकूम घेत असल्याने पसारा वाढला की त्या रांगेवर ताण येतो. २०१५ साली जाहीर झालेल्या ‘ओव्हीएन’ने हा दोष हेरून इच्छित रचना एका दफ्तरात नोंदवण्याची आणि प्रत्येक संगणकाने त्यावरून आपले नियम, राधानगरीच्या दरवाजांप्रमाणे, स्वतःच सिद्ध करण्याची तजवीज केली; मार्गनिर्णय आणि पत्तेवाटपही जागच्या जागी होऊ लागले.

म्हणून नव्या उभारणीस ओव्हीएन बहुधा श्रेयस्कर. जुनी, सुस्थित व्यवस्था मात्र निष्कारण मोडू नये.