परसातील कोंबडा आणि खुडूक कोंबडी

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ नाकाडोंगरी हे गाव आहे. डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण जवळच. बाकी सारा मुलूख धानाचा आणि जंगलाचा. अशा गावांतून परसात पाच-दहा कोंबड्या असणे याला कोणी धंदा म्हणत नाही. ती घरच्या बाईची चिल्लर समजली जाते. परंतु मुलांच्या वह्या, औषधपाणी, पाहुण्याचे जेवण यांचा खर्च पुष्कळदा या चिल्लरीतूनच निघतो. म्हणून तिचा विचार थोडा शास्त्राच्या अंगाने करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिला प्रश्न कोंबड्याचा. सणाला किंवा बाजाराला जो नर सर्वांत भरदार तोच आधी जातो. मागे किडकिडा उरतो आणि पुढच्या पिढीचा बाप होतो. धानाच्या बाबतीत हाच शेतकरी असे कधी करीत नाही. टपोऱ्या लोंब्या तो बियाण्यासाठी आधी बाजूला काढतो. कळपातील निम्मे रक्त एकट्या कोंबड्याचे असते, कारण आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. तेव्हा त्याची निवड विक्रीच्या आधी व्हावी.

निवडताना केवळ तुरा आणि शेपटी पाहू नये. छातीचे हाड सरळ, पाय व बोटे धड, डोळे तेजस्वी असावेत. बरोबरीच्या पिल्लांत तो लवकर वाढलेला असावा. आई भरपूर अंडी घालणारी व पिल्ले जगवणारी असेल तर उत्तमच. दाणा सापडताच माद्यांना साद घालणारा नर आम्ही अधिक पसंत करू. झुंजीतला शूर कोंबडा तसाच चांगला बाप असतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. झुंजी लावणे कायद्याने गुन्हाच आहे.

घरचाच नर वर्षानुवर्षे ठेवला तर बाप-लेकी, भाऊ-बहीण अशी जोड होते. अंडी कमी फळतात, पिल्ले दुबळी निघतात. यावर सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या गावच्या ओळखीच्या घराशी कोंबड्यांची अदलाबदल. नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, कारण मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, बाजारातून अशाच पाहुण्याबरोबर येतो. जुन्या नराचे बीज मादीच्या शरीरात सुमारे दोन आठवडे टिकते. म्हणून नवा सोडल्यावर तीन आठवड्यांनंतरचीच अंडी त्याची समजावीत.

आता खुडूक कोंबडी. देशी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि बसते. 'वनराज'सारख्या सुधारित जाती अंडी अधिक देतात, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. सर्व देशी माद्या विकून त्याच आणल्या तर दर खेपेस पिल्ले विकत घेणे आले! विजेवाचून, पैशावाचून चालणारे उबवणयंत्र आपण हाताने घालवितो.

बसवण्यास कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. खळ्यावरचा दाणा असतो आणि हवा थंड असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की साठवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो व मरतो. अंडी सात दिवसांहून जुनी नसावीत. तोवर ती माठाजवळ, गारव्याला ठेवावीत. तणसाच्या टोपलीत दहा-बारा अंडी, काळोखी जागा, जवळ दाणापाणी, आणि मुंगूस-रानमांजरापासून बंदोबस्त एवढे पुरे. सातव्या रात्री विजेरीपुढे अंडे धरावे. रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले तर ठेवावे, नितळ दिसले तर काढावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात. पहिल्या आठवड्यात लासोटा लस द्यावी.

बसवायची नसेल त्या कोंबडीच्या नाकात पीस खोवतात किंवा तिला पाण्यात बुडवितात. हा निव्वळ छळ आहे. खालून वारा लागेल अशा बांबूच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस, दाणापाणी देऊन ठेवली की पोटाची ऊब उतरते व खुडूकपणा जातो. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या तर सगळी पिल्ले एकीच्या हवाली करून दुसरीला मोकळी करता येते. ती लवकर पुन्हा अंड्यावर येते. परकी पिल्ले मात्र रात्री, अंधारात, पंखाखाली सरकवावीत. दिवसा ती टोचून हाकलते.