तेल कुठले आणि कधीचे

ऑलिव्ह तेल परदेशातून येते म्हणून ते उंची, अशी आपली समजूत आहे. ते बनते कसे हे पाहिले, तर हाच प्रवास त्याला सर्वात जास्त बाधतो असे दिसते. शेंगदाणा, तीळ, करडई यांचे तेल बीमधून निघते. ऑलिव्हचे मुख्यतः फळाच्या गरातून, म्हणजे ते जवळजवळ फळाचा रसच. फळे कोयीसकट दळून लगदा करतात, तो अर्धा-पाऊण तास संथ ढवळतात, की तेलाचे बारीक थेंब एकमेकांना मिळतात. मग यंत्रात गरगर फिरवून तेल आणि पाणी वेगळे करतात. तोडलेले फळ ढिगात पडून राहिले तर आंबते आणि तो वास तेलात उतरतो. पुढे बाटलीतही हवा, उजेड आणि ऊब तेलाला खवट करत राहतात. लोणचे मुरते, तेल मुरत नाही.

कॅलिफोर्नियात अठराव्या शतकात स्पॅनिश मिशनऱ्यांनी ऑलिव्ह नेले आणि आज तिथले उत्पादक जवळच्या तेलाचा जोरात पुरस्कार करतात. २०१० साली डेव्हिस येथील विद्यापीठाने दुकानांतल्या बाटल्या तपासल्या, तेव्हा ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आयात नमुन्यांपैकी ६९ टक्के चव-वासाच्या कसोटीवर नापास झाले. स्थानिकांपैकी १० टक्के. या तपासणीला स्थानिक उत्पादकांचाही पैसा होता, तेव्हा आकडे जरा जपूनच घ्यावेत हे बरे. पण नापास होण्याची जी कारणे सांगितली गेली, त्यांत भेसळीच्या शक्यतेबरोबर जुनेपणा, उजेड आणि उष्णता होती, आणि ती पैसा कोणाचाही असला तरी खरीच.

मग ऑलिव्ह आपल्याकडेच लावावे का? राजस्थानने इस्रायलच्या मदतीने तो प्रयोग केला. बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसरला २०१४ मध्ये तेल काढण्याचा कारखानाही सुरू झाला. मात्र ऑलिव्हला मोहोर धरण्यासाठी हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते. ती वाळवंटात मिळते, आपल्या किनाऱ्यावर नाही. कोकणाने त्यामागे धावायचे कारणही नाही. तिथे कोकमाच्या बिया वाळवून, सोलून, आतला गर कुटून पाण्यात उकळतात. वर येणारी चरबी गार होऊ लागली की हाताने वळून तिचे गोळे करतात. हेच मुठेल, थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायचे. ते घरच्या तापमानात घट्ट राहते, कारण त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असते, आणि म्हणूनच लवकर खवटत नाही. खोबरेलही बरेच टिकाऊ. म्हणजे ‘स्थानिक’ या शब्दाचे मोल सगळ्या तेलांना सारखे नाही. मुठेल दूरवरून आले तरी फारसे बिघडत नाही. जवसाच्या तेलात मात्र निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, आणि ते हवेने फार लवकर बिघडते. हे तेल कालच गाळलेले हवे.

यावर लाकडी घाण्याचे भक्त खूश होतील, पण त्यांनाही दोन प्रश्न आहेत. घाण्याच्या पेंडीत बरेच तेल राहून जाते, त्यामुळे ते महागच पडणार. ही तक्रार रास्त आहे आणि तिला उत्तर नाही. दुसरी शंका अधिक गंभीर. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते, आणि ते शुद्ध न केलेल्या तेलात उतरू शकते. रिफायनरीत ते बव्हंशी निघून जाते. तेव्हा घाणा शेजारच्या गल्लीत असणे एवढेच पुरत नाही. गिऱ्हाइकाला पोत्यातले दाणे हातात घेऊन बघता आले पाहिजेत, काळपट, सुरकुतलेले दाणे निवडले जातात का हे दिसले पाहिजे, आणि गाळल्याची तारीख बाटलीवर हवी. जवळ असण्याचा फायदा या पाहण्यात आहे.

जवसाच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराने याहून सोपी वाट काढली होती. बी डब्यात अख्खे ठेवायचे आणि लागेल तेवढेच भाजून चटणीला कुटायचे. तोवर आतले तेल सालीच्या आड सुखरूप असते.