लग्नघरातील बाळंतीण

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी मुहूर्तांची चर्चा सुरू होते, कार्यालयांच्या तारखा भराभर भरू लागतात आणि याद्यांच्या बैठका बसतात. अशा वेळी त्याच घरात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक नुकतीच अंथरुणातून उठलेली असावी, हा योग आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही. थोरल्या लेकीचे बाळंतपण आणि धाकट्या मुलाचे लग्न ही दोन्ही कार्ये एकाच छपराखाली, एकाच आईच्या अंगावर आणि बहुधा एकाच वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीवर येऊन पडतात. घर आनंदाने भरलेले असते. त्या आनंदात एक व्यक्ती मात्र अशी असते की, जिच्याकडून करवलीच्या उत्साहाची अपेक्षा केली जाते आणि जी गेल्या कित्येक रात्री सलग तीन तासही झोपलेली नसते.

लग्नाचे वेळापत्रक जमवून घेता येते, तान्ह्याचे येत नाही. मुहूर्त पंचांगात अनेक असतात, कार्यालय दुसरे मिळते, आचारी बदलता येतो. तान्ह्या बाळाला मात्र सुरुवातीच्या काळात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पाजावे लागते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे या काळात आईला पर्याय नाही. यास्तव दिनदर्शिकेवर प्रथम बाळाच्या तारखा लिहाव्यात आणि नंतर लग्नाच्या, हा क्रम ठेवणे अगत्याचे ठरते. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट.

तारीख काढताना सोयरसुतकाचे दिवस काटेकोरपणे मोजले जातात, परंतु लसीकरणाचे दिवस सहसा कोणी मोजत नाही. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमानुसार जन्मतः बीसीजी, पोलिओ व हिपॅटायटिस-बी या लसी दिल्यानंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट व अन्य लसी द्यावयाच्या असतात. पेंटाव्हॅलंटनंतर एखाददुसरा दिवस बाळाला ताप येऊ शकतो आणि ते किरकिरते. ही लस हळदीच्या आदल्या दिवशी येऊ नये, चारपाच दिवस आधी उरकून घ्यावी. 'लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू' असे म्हणून ती पुढे ढकलणे मात्र सर्वस्वी चुकीचे होय, कारण डांग्या खोकल्यासारख्या रोगांपासून संरक्षणाची खरी गरज गर्दीतच असते. मुहूर्ताच्या बाबतीत निवडीला वाव असेल, तर चौदावा आठवडा उलटल्यानंतरचा दिवस बाळ आणि बाळंतीण या दोघांनाही अधिक मानवतो.

प्रसूतीनंतर शरीर पूर्वपदावर येण्यास वैद्यकशास्त्र साधारणतः सहा आठवडे धरते. आपल्या आजीपणजींचा सव्वा महिना त्याच्या जवळपासच येतो. त्या सव्वा महिन्यातील शेगडी आणि ओव्या-शेपांची धुरी आता बहुतेक घरांतून गेली, हे योग्यच झाले. बाळाच्या फुप्फुसांना धूर अपायकारकच असतो. परंतु धुरीबरोबर विश्रांतीही गेली, हे मात्र योग्य झाले नाही. लग्नघरात पाहुण्यांसाठी सर्वप्रथम रिकामी होते ती बाळंतिणीची खोली. रुखवताचे सामान तेथेच रचले जाते आणि अहेराच्या साड्यांचे खोकेही तेथेच येऊन पडतात. 'ती बसूनच तर असते' या विचाराने पत्रिकांवर नावे घालणे, अहेराच्या याद्या करणे, आचाऱ्याला दूरध्वनी करणे ही 'बैठी' कामे तिच्याकडे सोपविली जातात. शिवाय केळवणाला येणारा प्रत्येक जण बाळ पाहण्यास येतो, आणि नुकतेच निजलेले बाळ त्याला दाखविण्यासाठी उठविले जाते.

याचा अर्थ तिला सर्व कार्यातून बाजूला ठेवावे असा नव्हे. स्वतःच्याच भावाच्या लग्नात पाहुणी होऊन बसणे कोणत्याही बहिणीला रुचणारे नाही. तिला आवडणारी आणि अर्धवट टाकून उठता येतील अशी एकदोन कामे, उदाहरणार्थ वहिनीच्या साड्यांची निवड, तिच्याकडे असावीत. ज्या कामाला ठरावीक वेळ बांधलेली आहे किंवा जेथे लोक खोळंबून राहतात, ते काम तिच्या नावावर नसावे. तिची खोली तिचीच राहावी, हा नियम घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः जाहीर करावा. तिने स्वतः तो सांगितला, तर मात्र ती मानिनी ठरते!

आहाराबाबत एवढेच सांगणे पुरेसे आहे की, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार स्तनदा मातेला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. पंगती वाढून झाल्यावर तिसऱ्या प्रहरी जेवण्याची प्रथा तिला लागू करू नये.

मनाच्या आरोग्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत विनाकारण डोळे भरून येणे अनेकींच्या अनुभवाचे असते आणि ते दोन आठवड्यांच्या आत ओसरते. ते ओसरले नाही, झोपेची संधी असूनही झोप येत नसली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर ते आजारपण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विकसनशील देशांत प्रसूतीनंतर सुमारे २० टक्के स्त्रियांना मानसिक विकार, प्रामुख्याने नैराश्य, जडतो. लग्नघरात हे ओळखणे अधिकच कठीण असते. सारे हसत असताना रडणाऱ्या मुलीला 'शुभकार्यात डोळ्यांत पाणी नको' असे बजावले जाते आणि ती गप्प बसते. घरच्यांनी तिला अवश्य डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाची टेलिमानस ही निःशुल्क सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आता प्रत्यक्ष लग्नाचा दिवस. मुहूर्ताची वेळ मिनिटांनिशी ठरलेली असते, म्हणून ती सर्वांत सोयीची होय. अर्धा तास आधी बाळाला पाजून, आजीच्या किंवा मावशीच्या मांडीवर देऊन, शकुनाचा दिवा हाती घेऊन करवलीने भावामागे उभे राहावे. मंगलाष्टके लांबली तरी बाळ तेवढा वेळ निभावून नेते. खरी कसोटी असते ती संध्याकाळच्या स्वागतसमारंभाची. तेथे दोनतीन तास व्यासपीठाजवळ थांबावे लागते, छायाचित्रांसाठी वारंवार बोलावणे येते आणि ध्वनिक्षेपकाच्या आवाजात बाळाचे रडणे ऐकूही येत नाही. कार्यालय ठरवितानाच व्यासपीठापासून दूर असलेली, आतून कडी लागणारी आणि पंखा चालू स्थितीत असलेली एक खोली बाळंतिणीसाठी राखून घ्यावी. तिची किल्ली एकाच व्यक्तीकडे असावी. 'कोणीतरी पाहील' या व्यवस्थेत बाळाकडे कोणीच पाहत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दूध काढून ठेवावयाचे असल्यास २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ते चार तास टिकते. वैशाखातील कार्यालयात तापमान त्याहून पुष्कळ अधिक असल्याने बर्फाची पिशवी जवळ ठेवावी.

शालू नेसण्याची हौस अवश्य पुरवावी, परंतु ब्लाउजला पुढून हुक असावेत. जरीचा काठ आणि साडीच्या पिना बाळाच्या गालाला बोचतात, म्हणून खांद्यावर मऊ दुपटे टाकावे. होमाच्या धुरात बाळाला घेऊन बसू नये. कौतुकाने मुके घेणाऱ्यांना हसतमुखाने परतविण्याचे काम घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडे द्यावे, त्यांचा शब्द सहसा मोडला जात नाही. आणखी एक धोका बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. मधुपर्काच्या वेळी मध हाताशी असतो आणि त्यातले बोटभर बाळाला चाटविण्याची इच्छा कोणाला तरी होतेच. एक वर्षाच्या आतील बाळाला मध कदापि देऊ नये. त्यातील विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाच्या स्नायूंना लुळेपणा आणणारा बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

वऱ्हाड इंदूर, बडोदे वा हैदराबादेहून रेल्वेने निघणार असेल, तर पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि म्हणून वेगळा बर्थही मिळत नाही, हे लक्षात ठेवून आईसाठी खालचा बर्थ आधीच मागून घ्यावा.

पैशाच्या बाबतीत दोन्ही कार्यांचा खर्च एकाच खात्यातून होऊ लागला की लग्न बाळंतपणाला गिळून टाकते. औषधे, लसी आणि न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईंचा पगार यांसाठीची रक्कम प्रारंभीच वेगळी ठेवावी. लॉकर केवळ लेकीच्या नावावर असेल तर तिच्या हयातीत नामनिर्देशित व्यक्तीला तो उघडता येत नाही, त्यासाठी संयुक्त धारक असावा लागतो. ऐन हळदीच्या दिवशी ओली बाळंतीण शाखेत येऊन ताटकळते, तेव्हा हा फरक सर्वांना कळतो.

पाहुण्यांची ये-जा वाचावी म्हणून बारसे लग्नालाच जोडून करण्याची टूम अलीकडे निघाली आहे. त्यातील एक अडचण सांगितली पाहिजे. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. बाराव्या दिवशी नाव ठेवले तर ते त्याच वेळी नोंदविता येते. बारसे लांबले तर दाखल्यात नावाची जागा कोरी राहते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा दाखलाच चालतो, आणि बाळाच्या नावे खाते उघडतानाही तो लागतो. पाळण्यातील पाकिटे मग लग्नाच्या खर्चात केव्हा मिसळली, ते कळतही नाही. नाव निश्चित करून नोंदवावे, समारंभ हवा तेव्हा करावा.

हे खाते आईला स्वतःच्या स्वाक्षरीने उघडता येते. वडील हयात असताना आई पालक होऊ शकते का, हा वाद लेखिका गीता हरिहरन यांनी अल्पवयीन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी केलेल्या अर्जातून उद्भवला होता, आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निर्वाळा दिला. बाळ मुलगी असेल तर किमान २५० रुपये भरून सुकन्या समृद्धी खातेही उघडता येते. खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी त्याची मुदत पूर्ण होते, परंतु अठराव्या वर्षानंतर मुलीच्या विवाहासाठी ते आधीही बंद करता येते. मामाच्या लग्नातील पाकिटे अशी भाचीच्या लग्नापर्यंत पोहोचू शकतात.

नोकरदार मातेने रजेचा हिशेब लग्नाची तारीख ठरण्यापूर्वीच मांडावा. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन प्रसूतिरजा मिळते. त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते आठही घेतले असतील, तर बाळ जेमतेम चार महिन्यांचे असतानाच रजा संपते. लग्न त्या सुमारास असेल, तर मांडवपरतणे आणि कामावर रुजू होणे एकाच आठवड्यात येते, आणि बाळाला नव्या दिनक्रमाची सवय लावण्यास एकही दिवस उरत नाही. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. ही सोय आपल्या कार्यालयात कोठे व कशी आहे, याची चौकशी पत्रिका वाटावयास निघण्यापूर्वी करून ठेवावी.