पहिले आठ आठवडे आईजवळच

खारघरच्या टॉवरमध्ये वाढणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लाला बरंच काही अंगवळणी पाडावं लागतं: लिफ्टचा हिसका, कुकरची शिट्टी, उत्सव चौकातली रहदारी, गणपतीतले ढोल. हे सारं सहज स्वीकारण्याचा मेंदूचा काळ मात्र छोटा असतो, साधारण ३ ते १४ आठवड्यांचा. अमेरिकेत बार हार्बरला जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी केलेल्या, १९६५ साली ग्रंथरूपाने आलेल्या संशोधनाने त्याचं महत्त्व दाखवून दिलं.

सुरुवात होते आईच्या कुशीत. भावंडांच्या झोंबाझोंबीत एकाने कान जोरात चावला की दुसरं केकाटतं, खेळ थांबतो. दात किती रोवायचे, हे पिल्लू तिथेच शिकतं. पाचव्या आठवड्यात उचलून आणलं, तर हा धडा अर्धाच राहतो. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही; मादीची वर्षात एकच आणि आयुष्यात फार तर पाच बाळंतपणं. म्हणून पिल्लाआधी त्याची आई बघायला मागा. टाळाटाळ झाली तर सरळ परत फिरा.

पिल्लाला बाहेर नेताना पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची भीती खरी आहे. आईच्या चिकातली प्रतिद्रव्यं सुरुवातीला लसीलाच निष्प्रभ करतात, म्हणून डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. पण तोवर पिल्लाला घरात कोंडू नका. कडेवर घेऊन सेंट्रल पार्कच्या फाटकाशी उभे राहा. छत्र्या, सायकली, माणसं त्याला लांबून बघू द्या. अंग चोरलं, तर चार पावलं मागे या.