कल्याणहून खोडदला : खगोलशास्त्राची वाट

मुंबईतील खगोल मंडळासारख्या संस्थांचे अभ्यासक अमावास्येच्या सुमारास लोकलने वांगणीला येतात आणि रात्र आकाश पाहण्यात घालवतात. कडावच्या विद्यार्थ्याला त्यासाठी अजून तरी वसतिगृहाच्या अंगणाबाहेर जावे लागत नाही. असे असूनही खगोलशास्त्र हे उपजीविकेचे साधन होऊ शकते, हा विचार आपल्या घरांत क्वचितच होतो. कित्येकांच्या मनात तर ते कुंडली आणि ग्रहशांतीशी जोडलेले असते. वस्तुतः हे गणित व भौतिकशास्त्राच्या पायावर उभे राहिलेले शास्त्र आहे.

या शास्त्राच्या भारतीय इतिहासातील एक पान आपल्याच रेल्वेमार्गावर लिहिले गेले. १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी कल्याणजवळ प्रत्येकी १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या उभारून सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास आरंभिला. या तबकड्या ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, तेथून भेटीदाखल मिळालेल्या होत्या! त्याच अनुभवातून पुढे उटीची आणि नंतर जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण साकारली.

खोडदच्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. त्या सर्वांचे संकेत संगणकात जुळविले, की तेवढ्या विस्ताराच्या एकाच दुर्बिणीइतका सूक्ष्म तपशील हाती येतो. तबकड्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारांच्या जाळीचा आहे. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असल्याने लहरी परावर्तित होतात, वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे वजन घटले आणि खर्चही. तुटपुंज्या साधनांत मोठे काम करण्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

अशा ठिकाणी केवळ शास्त्रज्ञच नसतात. इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते, संगणकतज्ज्ञ, यांत्रिकी विभागातील पदविकाधारक व आयटीआय झालेले तंत्रज्ञ यांच्यावाचून दुर्बीण एक दिवसही चालणार नाही.

शास्त्रज्ञ व्हायचे असेल तर मात्र वाट लांब आहे. अकरावीत गणित सोडले, की हे दार बहुधा बंदच होते. बारावीनंतर भौतिकशास्त्रातील पदवी, ‘जॅम’ परीक्षा देऊन एखाद्या आयआयटीत एम.एस्सी., आणि मग ‘जेस्ट’सारख्या परीक्षेतून पीएच.डी.ला प्रवेश, असा हा क्रम आहे. पुण्याच्या आयसर या संस्थेत बारावीनंतर थेट प्रवेश घेता येतो. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये पुण्यात उभी केलेली आयुका ही पीएच.डी.साठीची अग्रगण्य संस्था. बारावीपासून मोजल्यास दहा-अकरा वर्षे सहज जातात.

इतकी वर्षे घर कसे चालवायचे, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. पदवीपर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आधार देते. पीएच.डी.च्या काळात विद्यार्थ्याला अधिछात्रवृत्ती मिळते. २०२३पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी पुण्याच्या बार्टीच्या, तर आदिवासी समाजासाठी टीआरटीआयच्या योजना आहेत. त्यांच्या जाहिराती मुदतीआधी वाचणारे कोणीतरी घरात वा शाळेत असावे लागते; हे काम माजी विद्यार्थी उत्तम करू शकतील.

कायम पदे थोडी आहेत, हेही लपवू नये. तथापि प्रचंड माहितीचे विश्लेषण व संगणकीय आज्ञावली यांत मुरलेला माणूस अन्य क्षेत्रांतही हवाच असतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तिलाही मनुष्यबळ लागेल.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि दुर्बीण सर्वांना पाहता येते. मुरबाड-माळशेज मार्गे एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे. शाखा निवडण्यापूर्वीच, म्हणजे नववीच्या वर्गाला, ही सहल घडावी.