न मानवणाऱ्या अन्नाची कैफियत

दाभोळच्या खाडीतून वा गुहागरच्या किनाऱ्यावरून निघालेला बंगडा चिपळूणच्या मासळीबाजारात येऊन पोहोचेपर्यंत त्याच्या अंगात जी रासायनिक घडामोड होते, तिची वर्दी ना विकणाऱ्या बाईला असते ना घेणाऱ्या गिऱ्हाइकाला. आणि मग दुपारच्या भरपेट जेवणानंतर अर्ध्या तासात ज्याचा चेहरा लालबुंद होतो, कानशिले तापतात, डोके ठणकू लागते आणि अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, तो गृहस्थ ‘मला बंगडा बाधतो’ असा निवाडा देऊन त्या माशाला आपल्या ताटातून कायमचा हद्दपार करतो. हा निवाडा पुष्कळदा एकतर्फी असतो. असाच मनुष्य वर्षानुवर्षे बंगडा खात आलेला असतो, आणि त्याच दिवशी त्याच कालवणातले जेवलेल्या घरातल्या आणखी एकदोघांनाही कमीअधिक त्रास झालेला असतो. परंतु साक्षीपुरावा इतका तपशिलाने कोण घेतो?

बंगडा, सुरमई आणि कुप्पा हे एकाच कुळातले मासे असून त्यांच्या गडद मांसात हिस्टिडीन नावाचे अ‍ॅमिनो आम्ल मुक्त स्थितीत विपुल असते. त्या कुळाबाहेरची तारलीही या बाबतीत त्यांच्याच पंक्तीला बसते. मासा जिवंत असेतो या द्रव्याचा कोणाला उपद्रव नाही. पण तो मेल्यावर त्याच्या कल्ल्यांत व आतड्यांत वसणारे जिवाणू मांसात शिरतात, आणि कोकणातील तीस अंशांच्या दमट हवेत त्यांची वाढ इतक्या झपाट्याने होते की, बर्फाचा बंदोबस्त नसेल तर काही तासांतच ते त्या हिस्टिडिनाचे हिस्टामिन करून ठेवतात. खऱ्या अ‍ॅलर्जीत आपल्याच शरीरातील पेशी जे द्रव्य मोकळे करतात तेच हे हिस्टामिन, म्हणून दोन्हींची लक्षणे एकमेकांशी हुबेहूब जुळतात आणि निदानात गल्लत होते. यातली मेख अशी की हे द्रव्य एकदा तयार झाले की तळल्याने, उकळल्याने किंवा गोठवल्याने ते नष्ट होत नाही, आणि माशाला वास सुटण्यापूर्वीच त्याचे प्रमाण वाढलेले असू शकते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने एक किलो माशात 200 मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. बाजारात ती मोजणार कोण, हा प्रश्न वेगळा.

आमच्या स्वयंपाकघराने यावर काही तजवीज फार पूर्वीपासून केलेली दिसते. मासा आणल्याबरोबर साफ करणे, कल्ले व पोट काढून टाकणे, मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ चोळून ठेवणे, या क्रमात जिवाणूंचे मूळ ठिकाण दूर होते आणि मीठ व आंबटपणा यांमुळे उरलेल्यांच्या वाढीला खीळ बसते. मात्र बाजारातच तयार होऊन आलेल्या हिस्टामिनावर आगळाची मात्रा चालत नाही, आणि अंगाला आमसुलाचे पाणी लावल्याने त्वचेला थंडावा मिळाला तरी पोटात गेलेले हिस्टामिन त्याने कमी होत नाही. आपल्या आतड्यात ते मोडणारे एक विकर असते; ज्यांच्यात ते दुर्बल असते त्यांना इतरांना सोसणाऱ्या मात्रेनेही त्रास होतो. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध हिस्टामिनाचे हे विघटन रोखते, आणि असे औषध घेणाऱ्या रुग्णांना कुप्प्यासारखे मासे खाल्ल्यावर झालेल्या उपद्रवाची नोंद श्रीलंकेतील डॉक्टरांनी 1970 च्या दशकातच करून ठेवली आहे. ज्या किनाऱ्यावर मासा हे रोजचे अन्न आहे, तेथे औषधाच्या पुडीबरोबर हा इशाराही रुग्णाच्या हाती जावयास हवा, असे मला वाटते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्यावर प्रसंगी प्राण अवलंबून असतो. अ‍ॅलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा अन्नातील एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. तेथे कोलंबीचा एक तुकडा किंवा शेंगदाण्याचा कूटही पुरतो, घसा सुजतो, श्वास कोंडतो, आणि अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे लागते. अन्न न मानवणे ही गोष्ट निराळी आहे. तिच्यात बहुधा एखाद्या विकराची उणीव किंवा आतड्याची मर्यादित शोषणशक्ती कारणीभूत असते, आणि म्हणून तिचा सगळा व्यवहार मापावर चालतो: किती खाल्ले, कशाबरोबर खाल्ले, कोणत्या अवस्थेत खाल्ले. हे माप न शोधता सरसकट बंदीचे फर्मान काढणे हा आळशी मनाचा उपाय होय.

दुधाची कथा याहून पुरातन आहे. दुधातील लॅक्टोज ही साखर फोडणारे लॅक्टेज नावाचे विकर लहान आतड्याच्या अंतस्त्वचेवर असते. तान्हेपणी ते मुबलक असावे आणि आईचे दूध सुटल्यावर हळूहळू मंदावत जावे, हाच सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण क्रम असल्याने, प्रौढ वयात ज्याला पेलाभर दूध निमूट पचते तोच खरे पाहता अपवाद ठरतो. या टिकून राहणाऱ्या विकराशी निगडित असलेला जनुकीय बदल फिनलंडमधील संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिला, आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय लोकसमूहांच्या पाहणीत तोच बदल आपल्याकडेही, वायव्येकडे व पशुपालक समाजांत अधिक आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी, असा पसरलेला आढळला. कोकण हा तर कधीच दुधादुभत्याचा मुलूख नव्हता. येथली मूळची गाय, जिला अलीकडे 2018 मध्ये ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, ती चणीने लहान, डोंगरउतारावर काटक आणि दुधाला बेताचीच. तेव्हा येथील गृहिणींनी दुधाची जागा नारळाच्या रसाला दिली, यात नवल नाही. सोलकढी, शिरवाळ्यांबरोबरचा गुळाचा रस, गणपतीतले उकडीचे मोदक या साऱ्यांत लॅक्टोजचा अंशही नाही. आता घाटावरून दुधाच्या पिशव्या रोज पहाटे उतरतात आणि मूल सुदृढ व्हायचे तर त्याने पेला रिकामा केलाच पाहिजे, असा दंडक घरोघर चालतो; मुलाने पोट दुखत असल्याची तक्रार केली तर ती सबब समजली जाते.

तरीही दुधाशी सर्वस्वी फारकत घेण्याचे कारण नाही. 200 मिलिलिटर दुधात सुमारे 10 ग्रॅम लॅक्टोज असते, आणि ज्यांचे विकर मंदावले आहे अशा बहुतेक प्रौढांनाही एका वेळी 12 ग्रॅमपर्यंतचे प्रमाण, विशेषतः जेवणाबरोबर घेतल्यास, फारसे जाणवत नाही. कपभर चहात पन्नास मिलिलिटर दूध धरले तर लॅक्टोज अडीच ग्रॅमच भरते. म्हणूनच ‘दूध मुळीच चालत नाही’ असे सांगणारे गृहस्थ दिवसाकाठी तीन कप चहा बेलाशक घेतात. दह्यात विरजणाचे जिवाणू काही लॅक्टोज स्वतःच खाऊन टाकतात आणि उरलेले पचवायला आतड्यात मदतही करतात. कढवलेल्या तुपात ते जवळजवळ नसतेच. याउलट बासुंदीत वा पेढ्यात दुधातले पाणी आटून लॅक्टोज तेवढे मागे उरते, त्यामुळे वाटीभर बासुंदीचा हिशेब पेलाभर दुधाच्या हिशेबाहून जड जातो.

मनाचा वाटाही यात लहान नसतो. अमेरिकेतील मिनेसोटा येथे 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आपल्याला दूध मुळीच सोसत नाही अशी खात्री असलेल्या 30 व्यक्तींना एक आठवडा साधे आणि एक आठवडा लॅक्टोज आधीच फोडलेले दूध, कोणते केव्हा हे न कळू देता, रोज एकेक पेला दिले गेले. दोन्ही आठवड्यांतील तक्रारींत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. या व्यक्ती खोटे बोलत होत्या असे यावरून कोणी समजू नये, कारण त्यांपैकी बहुतेकांत लॅक्टोजचे पचन खरोखरच अपुरे होते. पण भीती आणि पोट यांचा पत्रव्यवहार फार जुना आहे. पावसाळ्यात जुलाबाची साथ येऊन गेल्यावर आतड्याच्या अस्तराला इजा होऊन हे विकर काही काळ हरपते आणि अस्तर पूर्ववत झाले की परत येते. तेवढ्या तात्पुरत्या कारणासाठी जन्मभर दूध वर्ज्य करणारेही भेटतात. ज्याला ते खरोखर कमी करावे लागते त्याने चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, बेगमी अन्यत्र केली पाहिजे, कारण नारळाच्या रसात ते नगण्य असते. प्रौढाला रोज 1000 मिलिग्रॅम लागते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम असते, आणि नाचणीला मोड आणून वा पीठ आंबवून आंबील केली तर त्यातले अधिक अंगी लागते. काट्यांसकट खाल्ली जाणारी मांदेली त्यात भर घालते.

मापाचा हा सारा युक्तिवाद एका ठिकाणी मात्र थांबतो, ते म्हणजे गव्हाच्या बाबतीतला सिलिअ‍ॅक हा विकार. यात गहू व सातू यांतील ग्लूटेन पोटात गेले की विशिष्ट आनुवंशिक प्रकृतीच्या माणसाची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर हल्ला चढवते. नेदरलंड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्यात त्या देशात पाव मिळेनासा झाला असता या विकाराने आजारी असलेली मुले सुधारली आणि युद्धानंतर पाव परतल्यावर पुन्हा खालावली, हे त्यांनी पाहिले, आणि 1950 मध्ये युट्रेक्टच्या आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला. भारतातील प्रौढांच्या 2016 मधील एका मोठ्या पाहणीत उत्तरेकडे या विकाराचे प्रमाण 1.23 टक्के, तर दक्षिणेकडे 0.10 टक्के आढळले. दक्षिणेत गव्हाचा खप कितीतरी कमी आहे. भात, नाचणी, वरी आणि कुळीथ यांवर पोसलेल्या कोकणी ताटाला म्हणूनच हा विकार सांभाळणे अवघड नाही, पण धोका आडवाटेने येतो. बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि ज्या गिरणीत नुकताच गहू दळला त्याच जात्यातून उतरलेल्या तांदळाच्या पिठात त्याचा अंश येतोच. एका किलोत 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असलेल्या जिन्नसाला आपल्या कायद्याप्रमाणे ग्लूटेनमुक्त म्हणता येत नाही. गिरणीवाल्याला हा कायदा कोणी वाचून दाखवलेला नसतो. सिलिअ‍ॅकची शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू सोडू नये, कारण गहू सोडताच तपासणीत दिसणाऱ्या खुणाही पुसट होऊ लागतात, आणि नेमके हेच उतावीळ मंडळींच्या हातून घडते.

कडधान्ये, कांदा आणि लसूण यांनी पोट फुगणाऱ्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, त्यांतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांपासून वायू तयार करतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेले बिरडे साध्या उकडलेल्या वालांपेक्षा सुसह्य ठरते, कारण मोड येताना बी स्वतःच त्या शर्करांचा काही भाग वापरून टाकते. हापूसच्या मोसमात एका बैठकीत पाचसहा आंबे संपवून दोष आदल्या रात्रीच्या वालांवर टाकणारेही असतात. आंब्यातील जादा फळशर्करेची चौकशी करण्याचे त्यांच्या मनात येत नाही.

आपले माप शोधण्याचा मार्ग कंटाळवाणा आहे, पण तोच खात्रीचा आहे: काय, किती, केव्हा खाल्ले आणि किती वेळाने काय झाले याचा रोजनामा लिहावा, संशयित पदार्थ एकेक करून दोनतीन आठवडे बाजूला ठेवावा, आणि मग थोड्या प्रमाणापासून पुन्हा सुरू करून पाहावा. हा प्रयोग ज्यांना अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका येऊन गेला आहे त्यांनी डॉक्टरांवाचून करू नये. रक्ताच्या एका थेंबातून शंभर पदार्थांची यादी लाल अक्षरांत छापून देणाऱ्या आयजीजी चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. असले प्रतिपिंड पुष्कळदा आपण तो पदार्थ खातो एवढेच सांगतात. रोजनामा लिहिणाऱ्याला एक अनपेक्षित लाभ होतो, तो म्हणजे त्याचे जेवण सावकाश होते. घाईने गिळताना पोटात जाणारी हवा कमी झाल्यानेच काहींची अर्धी तक्रार मिटते.

खरी अडचण उरते ती आग्रहाची. आमच्याकडे पंगतीत माप खाणाऱ्याच्या हाती नसून वाढणाऱ्याच्या हाती असते, आणि ‘पुरे’ हा शब्द तिसऱ्यांदा उच्चारल्याखेरीज कोणी प्रमाण मानत नाही. बासुंदी नाकारणारा पाहुणा यजमानाचा अपमान करतो अशी समजूत अद्याप गेलेली नाही. पानावरून उठून स्वतःच्या हाताने वाढून घेण्याची बुफे नावाची पद्धत मला कधी आवडली नाही, हातात ताट धरून उभ्याने जेवण्यात कसली शोभा आहे हे मला अद्याप उमगलेले नाही. परंतु लग्नकार्यात ज्याला बासुंदीची अर्धीच वाटी झेपते त्याला ती गाजावाजा न होता अर्धीच घेण्याची मुभा या पद्धतीने दिली आहे, एवढे तिच्या खाती जमा केलेच पाहिजे.